सोलापूरच्या मातींत डेल्फिनियम

बागेविषयीं बोलावयाचें ठरलें म्हणजे गुलाब, मोगरा किंवा शेवंती ह्यांच्यावर बोलणें सर्वांत सोयीचें. ऐकणाराला फूल ठाऊक असतें, बोलणाराजवळ चार अनुभव असतात, आणि कोणाचाच अपेक्षाभंग होत नाहीं. आज मी ज्या फुलाविषयीं बोलणार आहें, त्याला आपल्या बोलींत रूढ असें नांव नाहीं. आपल्या गांवच्या बागांतून तें सहसा दिसत नाहीं. आणि विलायती बागकामाचें कोणतेंही पुस्तक उघडलें, तर उष्ण प्रदेशांतील माणसानें ह्या फुलाच्या वाटेस जाऊं नये, अशा अर्थाचा सल्ला त्यांत बहुधा आढळतो. ह्या फुलाचें नांव डेल्फिनियम. मीं तो सल्ला मानला नाहीं, त्याचें शासन तीन वर्षें भोगलें, आणि चवथ्या वर्षीं माझ्या अंगणांत निळा तुरा उभा राहिला. त्या चार वर्षांत जें कळलें, तें आपणांस सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम फुलाची ओळख. कमरेएवढा किंवा पुरुषभर उंचीचा सरळ दांडा, आणि त्यावर खालून वर क्रमानें उमलत जाणारीं निळीं, जांभळीं, पांढरीं किंवा गुलाबी फुलें, असें ह्याचें रूप असतें. ज्यांना आपण पांच पाकळ्या समजतों, तीं वस्तुतः फुलाचीं संदलें होत. खऱ्या पाकळ्या अगदीं लहान असून त्या मध्यभागीं एखादी माशी बसावी तशा दिसतात. प्रत्येक फुलाच्या पाठीमागें, तेरड्याच्या फुलाला असते तशी, एक बारीक पोकळ शेपटी असते. तिच्यांत मध असतो. न उमललेली कळी ग्रीक लोकांना डॉल्फिन माशासारखी दिसली, म्हणून त्यांनीं डेल्फिनियम हें नांव दिलें. इंग्रजांना तीच शेपटी चंडोल पक्ष्याच्या पायाच्या लांब नखीसारखी वाटली, म्हणून ह्या वर्गांतील एका वर्षायु जातीस ते लार्कस्पर म्हणतात. आज आपणांस मुख्य काम ह्या लार्कस्परशींच पडणार आहे.

कुळाच्या दृष्टीनें पाहिलें, तर हा पाहुणा आपणांस अगदींच परका नाहीं. आपल्या डोंगरांतील मोरवेल आणि स्वयंपाकघरांतील कलौंजी हीं दोन्हीं त्याच्याच कुळांतलीं. परंतु त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद म्हणजे वैद्यकांतील बचनाग. हें नातें लक्षांत ठेवावें. त्याकडे मला पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

माणसाचा ह्या फुलाशीं संबंध फार जुना आहे. इजिप्तचा राजा पहिला अहमोस ह्याचें जतन केलेलें शव १८८१ सालीं देर-अल-बहरी येथें सांपडलें, तेव्हां त्याच्या गळ्यांत ह्याच फुलांची माळ होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वीं कोणीतरी तीं फुलें खुडून ओंवलीं होतीं. आज बागांतून दिसणारें भरदार डेल्फिनियम मात्र अलीकडचें आहे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें नान्सी येथील व्हिक्टर लेमोआन ह्यानें आणि इंग्लंडांत लँगपोर्ट येथील जेम्स केलवे ह्यानें संकर करून करून त्याचे तुरे लांब व दाट केले. पुढें अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें फ्रँक रायनेल्ट ह्यानें बियांपासून थेट येणारी 'पॅसिफिक जायंट' नांवाची जात सिद्ध केली. ह्या फुलाचें वेड किती असावें? एडवर्ड स्टायकन हा जगद्विख्यात छायाचित्रकार. परंतु न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९३६ सालीं त्याचें जें प्रदर्शन भरविलें, त्यांत एकही छायाचित्र नव्हतें. त्यानें स्वतः वाढविलेलीं डेल्फिनियमचीं फुलेंच तेवढीं मांडलीं होतीं.

असो. हा सारा थंड मुलखाचा इतिहास झाला. आतां आपल्या गांवाकडे येऊं.

सोलापूरचा उन्हाळा कसा असतो, तें मी आपणांस सांगावयास नको. मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो, आणि रात्रीं गच्चीवर निजलें तरी भिंतींची धग अंगाला लागते. डेल्फिनियमचा खरा शत्रु ही रात्रीची धग आहे. थंड मुलखांतलें डेल्फिनियम हिंवाळ्यांत जमिनीखालीं झोंप घेतें आणि वसंतांत पुन्हां फुटतें. ह्या झोंपेवर त्याचें दीर्घायुष्य अवलंबून असतें. आपल्याकडे त्याला झोंप कोठली? हिंवाळाभर तें जागें असतें, आणि उन्हाळ्यांत होरपळून मरतें. हें मला आधीं कळलें असतें, तर पहिल्याच वर्षीं झालेली फजिती टळली असती.

पहिल्या वर्षीं मीं चार पावसांचे शिंतोडे पडतांच, जून महिन्यांत, बीं पेरलें. आपल्याकडे पेरणी म्हटली म्हणजे मृग, हें डोक्यांत इतकें पक्कें बसलेलें कीं दुसरा विचार शिवलाच नाहीं. एकही रोप उगवलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं एका थंड हवेच्या ठिकाणच्या रोपवाटिकेंतून सहा रोपें आणलीं. किंमत सांगण्यासारखी नव्हती. तीं फेब्रुवारीपर्यंत टिकलीं, मार्चमध्यें पिंवळीं पडलीं, आणि गुढीपाडव्याला त्यांच्या जागीं वाळक्या काड्या होत्या. तिसऱ्या वर्षीं बीं उगवलें, रोपें चांगलीं वीतभर झालीं. मग मीं तीं उपटून ओळींत नीट लावण्याचा शहाणपणा केला. आठ दिवसांत सगळीं माना टाकून बसलीं.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचें आयुष्य शेतांत गेलें. आतां मुलाकडे शहरांत असतात. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणतों. तिसऱ्या वर्षींच्या त्या मेलेल्या रोपांकडे पाहून त्यांनीं विचारलें, "मास्तर, हे पीक थंडीचे का उन्हाळ्याचे?"

"थंडीचें, अण्णा."

"मग पहिल्या वर्षी मिरगात का टाकले होते? शाळूला कोणी मिरगात पेरते का? आणि शाळू उपटून दुसरीकडे लावलेला कधी पाहिला आहे का तुम्ही?"

श्रोतेहो, विलायती पुस्तकांत मला जें मिळालें नाहीं, तें ह्या दोन प्रश्नांत होतें. आपला जिल्हा रब्बी ज्वारीचा. मोहोळची मालदांडी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. पाऊस ओसरतांना, हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या सुमारास, जमिनींत ओल असते आणि हवेंत उतार सुरू होतो, तेव्हां शाळू पेरावयाचा. थंडींत तो वाढतो, आणि उन्हाळा तापण्यापूर्वीं हातीं येतो. ह्याच पंचांगांत डेल्फिनियम बसवावयाचें. तें बारमाही झाड आहे हें विसरून जावें, आणि एका हंगामाचें पीक समजावें. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पेरणी, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत फुलें, आणि होळीच्या सुमारास जमीन मोकळी. सोलापुरांत डिसेंबर-जानेवारींत रात्रीचा पारा साधारण १५-१६ अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षीं त्याहूनही खालीं जातो. तेवढी थंडी ह्या फुलास पुरते.

थंडी पुरते, पण एक गोष्ट कमी पडते, आणि ती म्हणजे दिवसाची लांबी. हें झाड लांब दिवसांत लवकर फुलतें. लंडनला जून महिन्यांत सूर्य साडेसोळा तास आकाशांत असतो. आपल्याकडे डिसेंबरांतला दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणून आपलीं झाडें सुरुवातीस पानांचाच झुबका करून बसतात, आणि माणूस अधीर होतो. अधीर होऊं नये. संक्रांतीनंतर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास, पानांमधून दांडा वर येऊं लागतो.

आतां कोणती जात घ्यावी? माझें मत स्पष्ट आहे. प्रथम वर्षायु लार्कस्पर घ्यावा. कारण तो मूळचाच एका हंगामाचा असल्यानें त्याच्याशीं आपणांस झगडावें लागत नाहीं. दुसरी निवड चिनी डेल्फिनियमची. ही जात हात-सव्वा हात उंचीची, पानें बारीक चिरलेलीं, आणि रंग असा स्वच्छ निळा कीं दुसरीकडे क्वचितच पहावयास मिळेल. उष्णता तिला थोडी अधिक सोसते, आणि कुंडींतही ती येते. पॅसिफिक जायंटचा मोह शेवटीं ठेवावा. तें येत नाहीं असें नाहीं. परंतु त्याला तयार होण्यास वेळ अधिक लागतो, आणि दांडा वर येईपर्यंत उन्हाळा दारांत उभा राहतो. ज्यांना तें करावयाचेंच असेल, त्यांनीं सप्टेंबरच्या प्रारंभीं घरांतल्या सर्वांत थंड जागीं लहान लहान कागदी द्रोणांत बीं घालावें, आणि पुढें द्रोणासकट लावावें, म्हणजे मूळ दुखावत नाहीं. ज्यांचें घर अजून जुन्या धाब्याचें असेल, त्यांच्या माजघराइतकी चांगली जागा दुसरी नाहीं.

बियाणाविषयीं थोडें अधिक बोलतों, कारण बहुतेकांची निराशा येथेंच होते. हें बीं लवकर म्हातारें होतें. उन्हाळा एकदां दुकानाच्या फळीवर काढलेलें पाकीट उगवेलच असें नाहीं. शिवाय ताजें बींही उष्ण मातींत पडलें तर रुसून बसतें; माती २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असली तरच तें चांगलें रुजतें. ऑक्टोबरांत आपली माती इतकी थंड नसते. ह्यावर उपाय सोपा आहे. ओलसर बारीक वाळूंत बीं मिसळून, तें मिश्रण झांकणाच्या डबींत घालून, दहा ते पंधरा दिवस शीतकपाटांत ठेवावें. बर्फाच्या कप्प्यांत नव्हे, भाजीच्या कप्प्यांत. मग वाळूसकट वाफ्यांत पेरावें आणि पाव इंचाहून अधिक खोल घालूं नये. वर मातीचा पातळ थर हवाच, कारण उजेडांत हें बीं नीट रुजत नाहीं. वाफ्यावर ओलें गोणपाट अंथरावें, आणि कोंब दिसतांच तें काढून घ्यावें. उगवण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. ह्या अवधींत मुंग्या आणि चिमण्या ह्या दोहोंपासून राखण करावी लागते. चार बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या म्हणजे चिमण्यांचें काम भागतें.

रोपें चार पानांवर आलीं म्हणजे विरळणी करावी, आणि दोन झाडांत नऊ इंच ते एक फूट अंतर राखावें. विरळणींतलीं रोपें फेंकून द्यावीं. दुसरीकडे लावण्याचा मोह आवरावा. लार्कस्परचें मूळ सरळ खोल जातें, आणि तें एकदां तुटलें कीं झाड सावरत नाहीं. १९३३ सालीं सोलापुरांत कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र सुरू झालें. त्या काळीं शास्त्रज्ञांनीं शेतकऱ्यांना जें सांगितलें, त्यांत दोन गोष्टी प्रमुख होत्या : पीक विरळ पेरा, आणि कोळपणी वरचेवर करून जमिनीच्या भेगा बुजवीत रहा, म्हणजे ओल उडून जाणार नाहीं. मीं त्याच दोन गोष्टी अंगणांत खुरप्यानें केल्या. फुलझाडांना ज्वारीचें शास्त्र लावण्यांत मला तरी कमीपणा वाटला नाहीं.

मातीचा प्रश्न ह्याहून कठीण आहे. आपली काळी माती कसदार खरी, पण ती पाणी धरून ठेवते, भिजली कीं फुगते, वाळली कीं फाटते. डेल्फिनियमच्या बुडाशीं पाणी साचलें कीं तेथें बुरशी धरते; पांढरे तंतु आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसूं लागले, कीं तें झाड गेलें असें समजावें, आणि मातीसकट उचलून दूर टाकावें. म्हणून वाफा जमिनीच्या सपाटीपेक्षां सहा ते आठ इंच उंच करावा. दीड फूट खोल माती काढून तींत दोन भाग काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम किंवा जाडी वाळू, आणि एक भाग जुनें कुजलेलें शेणखत असें मिश्रण भरावें. ताजें शेण मुळींच घालूं नये. आपल्या मातींत चुना भरपूर असतो. त्याचें लार्कस्परला वावडें नाहीं, ही एक भाग्याची गोष्ट. मात्र कोंवळीं पानें पिंवळीं आणि शिरा हिरव्या अशीं दिसूं लागलीं, तर चुन्यामुळें झाडाला लोह मिळत नाहीं असें समजावें. पानांवर हिराकसाचें अगदीं सौम्य पाणी फवारल्यानें सुधारणा होते. वरखत म्हणून भुईमुगाची पेंड दोन दिवस भिजवून तिचें पातळ पाणी महिन्यांतून एकदां द्यावें. अधिक दिल्यास झाड पानांनीं माजतें आणि दांडा पोकळ होऊन वाकतो.

जागा अशी निवडावी कीं सकाळचें ऊन पूर्ण मिळेल, आणि दुपारीं तीननंतर भिंतीची किंवा झाडाची सावली पडेल. पश्चिमेकडील भिंतीला टेकून वाफा करूं नये. तापलेली भिंत रात्रभर झाडाला शेकत राहते.

आतां पाण्याचा प्रश्न. मला ठाऊक आहे, कीं इतका वेळ कित्येक श्रोत्यांच्या, विशेषतः गृहिणींच्या, मनांत हाच प्रश्न घोळत असेल. सोलापूरच्या अनेक भागांनीं गेलीं कित्येक वर्षें नळाला दोन-दोन, चार-चार दिवसांआड पाणी आलेलें पाहिलें आहे. एकरूखचा तलाव एकोणिसाव्या शतकांत झाला, उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तरी घागरी भरून ठेवण्याची आपली संवय सुटलेली नाहीं. अशा गांवांत परदेशी फुलाला पाणी घालावें काय? माझ्याच घरांत हा प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारणारांचा मुद्दा खोटा नव्हता. म्हणून मीं हिशेब केला. आठ फूट लांब व चार फूट रुंद वाफा म्हणजे सुमारें तीन चौरस मीटर. हिंवाळ्यांत आपल्याकडे ओलित जमिनींतून आणि पानांतून दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी उडतें असें धरलें, तर एका चौरस मीटरला चार लिटर, आणि सबंध वाफ्याला बारा लिटर, म्हणजे रोज एक बादलीहून कमी. पांच महिन्यांचे अठराशें लिटर झाले. हिरवळीचा गालिचा बारमाही राखणाऱ्यांच्या मानानें हें कांहींच नव्हे. परंतु जेथें पिण्याच्या पाण्याची ओढ आहे, तेथें बारा लिटर हे बारा लिटरच असतात, हेंही मीं मान्य केलें. शेवटीं असें ठरलें, कीं तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेलें पाणी एका बादलींत सांठवावें, आणि तेवढ्यावरच वाफा चालवावा. नळाचें पाणी द्यावयाचें नाहीं. त्या पाण्यांत वाफा तीन चौरस मीटरांऐवजीं दोन चौरस मीटरांचा करावा लागला. माझी तक्रार नाहीं. साबणाचें पाणी मात्र घालूं नये. आणि हल्लीं घरोघरीं पाणी शुद्ध करण्याचीं जीं यंत्रें बसविलेलीं असतात, त्यांतून बाहेर पडणारें टाकाऊ पाणीही घालूं नये, कारण तें अधिकच क्षारयुक्त असतें. पाणी सकाळीं, मुळाशीं, हलक्या हातानें द्यावें. पानांच्या झुबक्यांत तें सांचूं देऊं नये. वाफ्यावर वाळक्या पानांचें किंवा उसाच्या पाचटाचें आच्छादन घातलें, तर दिवसाआड पाणी पुरतें. फक्त तें बुडाला चिकटूं देऊं नये.

दांडा फूटभर झाला कीं आधार द्यावा. विलायती पुस्तकांत ह्यासाठीं नाना तऱ्हेच्या लोखंडी कड्या सांगितल्या आहेत. आपल्याकडे तुराट्या आहेत. एका झाडाला तीन तुराट्या रोंवून सुताचे सैल फेरे घातले कीं झालें. वाळवीचा उपद्रव असेल तेथें तुराटीऐवजीं बांबूची कामटी घ्यावी. हा आधार वेळेवर द्यावा. वाकलेला दांडा मागाहून बांधला, तर त्याचा शेंडा पुन्हां वर वळतो, आणि तुरा कायमचा वांकडा राहतो. फेब्रुवारींत पानांवर भुरी येण्याचा संभव असतो. द्राक्षवाल्यांना ठाऊक असलेलें पाण्यांत मिसळणारें गंधक संध्याकाळच्या वेळीं फवारावें, भर उन्हांत फवारल्यास पानें करपतात. ऊन वाढूं लागलें कीं पानांच्या खालीं लाल कोळी दिसतो. त्याच्यावर फार औषधें मारीत बसूं नये. तो आला म्हणजे हंगाम संपत आला.

आतां तो बचनागाच्या नात्याचा विषय. श्रोतेहो, हें झाड विषारी आहे. मूळ, पान, फूल, बीं, सर्वच विषारी. त्यांतही बीं आणि कोंवळीं रोपें अधिक. ह्यांतील अल्कलॉइड द्रव्यें मज्जातंतू आणि स्नायू ह्यांमधील दळणवळण तोडतात, आणि श्वास कोंडून प्राणी दगावतो. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील कुरणांत रानटी डेल्फिनियम खाऊन गुरें मरतात, ही तेथील गुराख्यांची जुनी डोकेदुखी आहे. आपल्या गल्लींतून गाई फिरतात; बागेंतील कापलेला पाला फाटकाबाहेर टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि गाईच्या मुखीं कांहीं घालणें हें आपण पुण्यकर्म समजतों. ह्या झाडाच्या बाबतींत तें पाप ठरेल. त्याचा पाला खड्ड्यांतच पुरावा. दुसरें, ह्याचें बीं काळें, बारीक, कोनेदार असून कांद्याच्या बियांसारखें किंवा कलौंजीसारखें दिसतें. तें कधींही स्वयंपाकघरांतल्या डब्यांच्या रांगेंत ठेवूं नये. मीं वर शीतकपाटांतील डबी सांगितली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' असें लिहावें, आणि ती आणखी एका बंद पिशवींत घालावी. आमच्या घरीं पहिल्या वर्षीं मीं हें केलें नव्हतें. एके सकाळीं लोणच्याच्या मसाल्याची जुळवाजुळव चालली असतां ती डबी ताटाशेजारीं आलेली मीं स्वतः पाहिली. कांहीं झालें नाहीं. पण त्या दिवशीं मला जेवण गेलें नाहीं. घरांत रांगतें मूल असेल, तर दोन-तीन वर्षें हें फूल लावूंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. पूजेसाठीं फुलें घेतलीं, तर तीं नैवेद्याच्या ताटांत किंवा तीर्थांत पडणार नाहींत अशीं वहावीं. छाटणी केल्यावर हात धुवावेत.

इतकें असूनही लावावें कां? ह्याला माझ्याजवळ एकच उत्तर आहे, आणि तें म्हणजे त्याचा रंग. आपल्या बागांत तांबडा, पिंवळा, पांढरा ह्यांची रेलचेल आहे; खरा निळा रंग फार थोडा. गोकर्ण आहे, निळा चित्रक आहे, आणि मग आठवावें लागतें. ह्या फुलांतील रंगद्रव्यास डेल्फिनिडिन म्हणतात. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल १९१५ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रिखार्ड व्हिलश्टेटरनें तें ह्याच फुलांतून वेगळें केलें. मौज अशी, कीं तेंच द्रव्य आपल्या वांग्याच्या सालींत, जांभळांत, आणि सोलापूरच्या डाळिंबाच्या रसांतही असतें. डाळिंबाच्या आंबट रसांत तें तांबडेपणाकडे झुकतें. डेल्फिनियमच्या पाकळींत त्याला दुसऱ्या रेणूंची जोड मिळते, आणि तें आकाशासारखें निळें होतें.

फुलें घरांत ठेवावयाचीं असतील, तर तुऱ्यावरील खालचीं एकतृतीयांश फुलें उमललीं कीं दांडा सकाळीं कापावा, आणि लगेच पाण्यांत ठेवावा. फुलदाणी केळ्यांच्या घडाजवळ किंवा पिकत्या फळांच्या परडीजवळ ठेवूं नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो, आणि त्यानें ह्या फुलांच्या पाकळ्या एका रात्रींत गळून पडतात.

जातां जातां आपल्याच मातींतल्या एका डेल्फिनियमविषयीं सांगतों. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर निळ्या तुऱ्यांचें एक रानफूल फुलतें. लोक त्याला नीलांबरी म्हणतात. शास्त्रीय नांव डेल्फिनियम मलबारिकम. नांवांत मलबार असलें, तरी तें घर आपल्या सह्याद्रीचें आहे, आणि जगांत दुसरीकडे तें सांपडत नाहीं. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला आफ्रिकेंतील एका जातीचेंच रूप समजत. फिलिप मन्झ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत त्याला स्वतंत्र जातीचा मान दिला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांतील संशोधकांनीं बागेच्या दृष्टीनें त्याच्यावर उत्परिवर्तनाचे प्रयोग केले, आणि त्यांचा निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. हें वाचून माझ्या मनांत पहिला विचार आला, तो गडावर जाऊन दोन कंद उकरून आणण्याचा. तो मीं सोडला, आपणही सोडावा. एका डोंगररांगेपुरतें उरलेलें झाड सोलापूरच्या काळ्या मातींत मारण्यासाठीं आणावयाचें नसतें. त्याला पहावयाचें असेल, तर पाऊस ओसरतांना तिकडे जावें.

हंगामाच्या शेवटीं बीं धरण्याचें काम राहतें. मार्चच्या प्रारंभीं शेंगा खालून वर पिंवळ्या होत जातात. त्या तडकण्यापूर्वीं कापून कागदाच्या पिशवींत घालाव्यात, सावलींत आठ दिवस वाळूं द्याव्यात, आणि मग बीं झाडून कांचेच्या बाटलींत भरून शीतकपाटांत ठेवावें. घरचें बीं पहिल्या वर्षीं उत्तम उगवतें, दुसऱ्या वर्षीं निम्म्यानें. तिसऱ्या वर्षाच्या बियांवर माझा विश्वास नाहीं. बाटलीवर वर्ष लिहावें, 'विष' हा शब्द लिहावा, आणि ती मसाल्याच्या फळीपासून दूर ठेवावी. गतवर्षींच्या बियांतून मीं अण्णांना एक पुडी दिली. त्यांनीं ती गांवीं, शेताच्या बांधावर नव्हे, कारण तेथें बैल चरतात, तर विहिरीच्या वरच्या अंगास, कुंपणाच्या आंत पेरली आहे.